वळण

तंजावूरच्या जुन्या कोटाच्या आत चार रुंद वीथी एकमेकींना जवळजवळ काटकोनात येऊन मिळतात. पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर या दिशांवरूनच त्यांची नावे पडली आहेत. दररोजच्या रहदारीत त्या कोणत्याही गावच्या बाजाररस्त्यांसारख्या दिसतात. दुकानांच्या फळ्या, सायकली, रिक्षा आणि उन्हाने विटलेली छपरे यांच्या गर्दीत त्यांचे मूळ प्रयोजन लपून जाते. त्यांची रुंदी आणि त्यांचा सरळपणा कशासाठी आहे, हे चित्तिरै महिन्यातल्या एका सकाळी कळते. त्या सकाळी बृहदीश्वराचा रथ या वीथींतून जातो.

राजराज चोळाने हे मंदिर १०१० मध्ये पुरे केले. रथ मात्र बराच अलीकडचा आहे. मराठा राजवटीत येथे रथोत्सव होत असे. सरफोजी राजांच्या काळच्या मोडी कागदांत रथ ओढण्यासाठी गावोगावहून माणसे बोलावल्याच्या नोंदी आढळतात. पुढे ही प्रथा खंडित झाली. सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर, एप्रिल २०१५ मध्ये, नव्याने बांधलेला रथ पुन्हा चार वीथींतून फिरला, आणि ज्यांच्या पणजोबांनी कधी काळी दोराला हात लावला असेल त्यांनी तो प्रथमच पाहिला.

रथ पाहणाऱ्याची नजर सहसा वर जाते. पताका, कापडाच्या झालरी, लाकडी घोडे, कळस, आणि त्या सगळ्याच्या मध्ये बसलेली उत्सवमूर्ती. पाहण्याजोगे सारे वरच असते. परंतु रथ चालतो कसा, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने नजर खाली, चाकांपाशी आणावी. तेथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. या एवढ्या प्रचंड वाहनाला वळण्याचे कोणतेही साधन नाही.

बैलगाडीला दोनच चाके असतात. बैल वळले की जू वळते, जुवामागे दांडी वळते आणि गाडी एका चाकाभोवती फिरते. रथाला चार चाके असतात, कधी त्याहूनही अधिक. आणि त्यांचे आस एकमेकांना समांतर ठेवून खालच्या चौकटीला पक्के जखडलेले असतात. चाक निर्वेध गडगडायचे तर ते आपल्या आसाशी काटकोन राखूनच चालले पाहिजे. वाहन वळू लागले की त्याचे प्रत्येक चाक एकाच केंद्राभोवती लहानमोठे वर्तुळ काढू पाहते, आणि त्या वेळी सर्व आसांच्या रेषा त्या केंद्रात येऊन मिळणे आवश्यक असते. समांतर रेषा कोठेच मिळत नाहीत. म्हणून रथाच्या अंगी वळणाचे केंद्र नाही. त्याला फक्त सरळ रस्ता ठाऊक असतो. वळायचे तर त्याची चाके जमिनीवर आडवी घासत जाणार, आणि कित्येक टनांच्या भाराखाली आडवे घासणे म्हणजे लाकूड पिचणे, आस वाकणे, रस्ता उखडणे. देवळांची गावे आखणाऱ्यांनी वीथी सरळ ठेवल्या त्यामागे शास्त्र आणि शोभा असेलच. पण रथाच्या या स्वभावाचीही त्यांना जाण असली पाहिजे.

उरतात ते चार कोपरे. रथाच्या अंगी जे नाही ते तेथे माणसांनी हाताने पुरवावे लागते. त्यासाठी असते ती लाकडाची पाचर. तमिळमध्ये तिला मुट्टुक्कट्टै म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती अपरिचित नाही. खानदेशात जळगावच्या श्रीरामरथाला १८७२ पासूनची परंपरा आहे, आणि कार्तिकी एकादशीला त्याच्या चाकांखाली जी लाकडे घातली जातात त्यांना तेथे मोगरी म्हणतात. कपडे बडवण्याच्या मोगरीचेच हे नाव. कावेरीच्या काठी आणि तापीच्या खोऱ्यात, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या माणसांनी एकाच अडचणीला एकच उत्तर शोधले आहे.

मोगरी देणे हे रथोत्सवातले सर्वांत जोखमीचे काम होय. शेकडो माणसे दोराला लोंबकळत असतात, नगाऱ्यांच्या आवाजात सांगितलेले ऐकू येत नाही, आणि फिरत्या चाकापासून हातभर अंतरावर वाकून एकाने ते लाकूड नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात सरकवायचे असते. डाव्या चाकापुढे मोगरी पडली की ती बाजू अडते, उजवी बाजू चालत राहते, आणि सारा डोलारा अडलेल्या चाकाभोवती थोडासा फिरतो. मोगरी तिरपी दिली तर चाक तिच्या उतारावरून घसरून बाजूला सरकते. सरळ वीथीतही हे चालूच असते. कारण रस्ता कोठेच सपाट नसतो आणि दोराची ओढ दोन्ही अंगांनी सारखी नसते. कोपऱ्यावर मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे चाकांखाली लोखंडी पत्रे अंथरून त्यांवर वंगण ओततात, म्हणजे जे आडवे घासणे टळत नाही ते निदान सुसह्य होते. पावलापावलाने, थांबत, मागेपुढे करीत रथ काटकोनात फिरतो.

तमिळमध्ये ‘मुट्टुक्कट्टै घालणे’ याचा अर्थ एखाद्याच्या कामात अडथळा आणणे असा झाला आहे. मराठीतही ‘पाचर मारणे’ याला हाच वाईट अर्थ चिकटला. लांबून पाहणाऱ्याला मोगरी अडथळ्यासारखीच दिसणार. रथाखाली वाकलेल्या माणसाला ठाऊक असते की तिच्यावाचून हा रथ पहिल्याच कोपऱ्यावर एखाद्याच्या घरात शिरला असता.

ज्या काळात सरफोजी राजे तंजावूरच्या गादीवर होते, त्याच काळात युरोपातले गाडी बांधणारे कारागीर नेमक्या याच अडचणीशी झगडत होते. सरफोजींची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी. नव्या विद्यांचा आणि यंत्रांचा त्यांना मोठा सोस. त्यांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बाळबोध मुक्तावली’ हे देवनागरी पुस्तक बाहेर पडले. १८१८ मध्ये लंडन येथे रुडॉल्फ ॲकरमन या चित्रविक्रेत्याने एका रचनेचे पेटंट घेतले. मूळ कल्पना म्युनिकच्या लांकेन्श्पर्गर या गाडी बांधणाऱ्याची. ॲकरमनने ती आपल्या नावे नोंदवली आणि इतिहासात नाव त्याचेच राहिले. तो स्वतः खोगीर आणि गाड्या करण्याच्या धंद्यातूनच पुढे आलेला होता, आणि १८०६ मध्ये निघालेल्या नेल्सनच्या अंत्ययात्रेच्या रथाच्या कामातही त्याचा हात होता. या नव्या रचनेत पुढचा आस अखंड फिरत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना चाके स्वतंत्र खिळींवर वळतात, आणि ती अशा रीतीने जोडलेली असतात की वळणाच्या आतले चाक अधिक वळावे व बाहेरचे कमी. म्हणजे चारही चाकांच्या रेषा एका केंद्राकडे रोख धरतात. इंग्लंडच्या गाडीवाल्यांनी या शोधाचे फारसे स्वागत केले नाही. त्याचे चीज झाले ते शतकाच्या अखेरीस, मोटार आल्यावर.

मोटारीने वळणाचे केंद्र वाहनाच्या अंगात आणले. जे काम मोगरी देणारा बाहेरून करीत असे ते दांडे, सांधे आणि त्यांचे कोन यांच्यावर सोपवले गेले. एक नवी जबाबदारीही त्याबरोबर आली. केंद्र जर भागांच्या परस्परसंबंधात असेल, तर एक भाग बदलताच ते हलते.

ॲम्बॅसडर मोटार भारतात १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती, आणि तंजावूरसारख्या गावात बराच काळ लग्नाच्या वरातीपासून सरकारी दौऱ्यापर्यंत सर्वत्र तीच दिसे. अशा एखाद्या जुन्या गाडीचा पुढचा बाज बसतो. खालचे हात झिजतात, सांधे खुळखुळतात, आणि मालक दुसऱ्या गाडीचे किंवा थोड्या निराळ्या मापाचे भाग आणून बसवतो. बसवताना सारे बरोबर बसते. गाडी उंच उभी राहते, मालक खूश होतो. रस्त्यावर मात्र ती ऐकत नाही. खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग न हलवताही ती एका अंगाला वळते. ब्रेक लावला की दुसऱ्या अंगाला ओढते.

याचे कारण समजायला गुरे चारणाऱ्याचा अनुभव पुरे. दोन खुंट्यांना दोन वेगळ्या लांबीच्या दाव्यांनी बांधलेली गुरे चरताना दोन वेगळी वर्तुळे काढतात. चाक वर-खाली होते तेव्हा त्याला धरणारा खालचा हात एका खुंट्याभोवती कमान काढतो, आणि त्याला वळवणारा टाय रॉड दुसऱ्या खुंट्याभोवती. मूळ गाडीत हे दोन्ही खुंटे आणि दोन्ही लांब्या अशा जुळवलेल्या असतात की कमानी एकमेकींशी मिळत्याजुळत्या राहाव्यात. हात बदलला, चाक धरणारा तुकडा बदलला, किंवा गाडी दोन बोटे खाली बसवली, की एक कमान सरकते आणि दुसरी जागच्या जागी राहते. मग चाक उसळले की टाय रॉड त्याला ओढतो अथवा ढकलतो, आणि गाडी चालवणाऱ्याला न विचारता वळते.

यावर सामान्यतः जो उपाय होतो तो अपुरा असतो. गाडी यंत्रावर उभी करून चाकांचे रोख जुळवले जातात आणि आकडे बरोबर आले की काम संपले असे मानले जाते. ते आकडे उभ्या गाडीचे असतात. खरी परीक्षा चाक वर आणि खाली नेऊन घ्यावी लागते: स्प्रिंग सोडवून, जॅकने चाक बोटाबोटाने उचलत, प्रत्येक पायरीवर त्याचा रोख किती फिरला ते टिपत जायचे. रोख फिरत असेल तर टाय रॉडच्या बाहेरच्या सांध्याची उंची, किंवा ज्या ठिकाणी तो स्टिअरिंगला जोडला आहे तेथील उंची, कमीअधिक करून कमानी पुन्हा जुळवायच्या. चाकाच्या खिळीचा मागे झुकलेला कल मात्र या परीक्षेच्या आधीच पाहून घ्यायचा. सायकलचा हात सोडला तरी ती सरळ जाते त्याला कारण झालेल्या गोष्टींपैकी हा एक कल होय, आणि तो कमी झाला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. चाकांचा आडवा रोख जुळवणे सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीला बिघडवते. एवढे कष्ट घेणारा कारीगर विरळा, आणि त्याचे पैसे देणारा गिऱ्हाईक त्याहून विरळा. कारण गाडी उभी असताना दोन्ही कामे सारखीच दिसतात.

रथांच्या बाबतीतही हाच प्रसंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तंजावूरच्या पूर्वेस तिरुवारूर आहे. तेथील त्यागराजस्वामींचा आळित्तेर हा तमिळनाडूतला सर्वांत मोठा रथ. सजवल्यावर त्याची उंची ९६ फूट आणि वजन ३०० टनांच्या घरात सांगतात. १९४८ नंतर तो थांबला होता. १९७० मध्ये तो पुन्हा निघाला, आणि त्याच्या मार्गाला तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या कारखान्याचा हात लागला. वीजकेंद्रांसाठी बाष्पपात्रे घडवणाऱ्या त्या कारखान्याच्या पोलादी आसांवर आणि चाकांवर, आणि पुढे द्रवदाबाच्या ब्रेकवर, या प्रदेशातले कितीतरी रथ उभे राहिले. लाकडी आस मोडून रथ कलंडण्याची आणि उतारावर तो अनावर होण्याची भीती यामुळे पुष्कळ ओसरली. या बदलाला नाव ठेवण्यासारखे काही नाही. त्यामुळे वाचलेले जीव कोणी मोजलेले नाहीत, पण ते वाचले आहेत.

तरीही भाग बदलला की संबंध बदलतात, हा नियम रथालाही चुकत नाही. लाकडी चाक लाकडी किंवा लोखंडी आसावर करकरत फिरते. त्याची नाखुशी हाच त्याचा अर्धा ब्रेक असतो. पोलादी आसावर नीट वंगण दिलेले चाक हलके फिरते. दोर ओढणाऱ्यांना आनंद होतो, आणि मोगरी देणाऱ्याच्या हातातला वेळ कमी होतो. लाकडाच्या कडेत लाकूड जसे रुतते तसे ते पोलादाच्या गुळगुळीत कडेत रुतत नाही. म्हणून मोगरीचा उतार, तिचे लाकूड आणि ती देण्याचा क्षण, तिन्हींचा पुन्हा विचार करावा लागतो. नव्या चाकाचा व्यास मोठा असेल तर जुन्या उंचीची मोगरी त्याला पुरत नाही. ते तिच्यावरून चढून जाते. एका अंगाचे चाक दुसऱ्याहून किंचित लहान निघाले तर रथ त्या बाजूला झुकतो, भार तिकडे जातो, आणि जड झालेली बाजू मागे राहू लागल्याने रथ तिकडेच ओढ घेतो. आणि आस चौकटीशी काटकोनात नसतील तर? दोन्ही आस तीन मीटरमागे एक सेंटिमीटर एवढेच, आणि एकाच बाजूला, कललेले असोत. सरळ सोडलेला रथ तीनशे मीटरच्या वीथीत एक मीटर बाजूला जाईल. केवळ पुढचाच आस कलला असेल, तर तो बाजूला जाऊन थांबणार नाही. सतत वळतच राहील.

ही चूक पकडण्याचे साधन कारखान्यापेक्षा जुने आहे. सुतार चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरतो, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत तीच दोरी धरतो. दोन्ही लांब्या सारख्या आल्या आणि डाव्या-उजव्या आसांतले अंतर सारखे आले, तर काटकोन साधला. रस्त्याकडेच्या शेडमधला मोटारमेकॅनिकही, यंत्र नसेल तेव्हा, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून तिची कड पाहतो. दोघांचे धंदे निराळे, वाहने निराळी, दोरी एकच.

जे दोरीला सापडत नाही त्याच्यासाठी तमिळ परंपरेत एक सुंदर विधी आहे. रथ नवा बांधला किंवा त्याचे मोठे भाग बदलले, की उत्सवमूर्ती न बसवता तो एकदा मार्गावरून ओढून पाहतात. याला वेळ्ळोट्टम म्हणतात. हा शब्द आता कोणत्याही चाचणीला लावतात. नव्या आगगाडीची चाचणी असो वा पुलाची, वर्तमानपत्रे तोच शब्द छापतात. देवाला बसवण्याआधी रथाने आपले दोष दाखवून द्यावेत, ही त्यातली अपेक्षा. शेडमध्ये उभा असलेला रथ निर्दोष असतो. दोष दिसतात ते चालताना, भार असताना, कोपऱ्यावर.

ही काळजी का घ्यायची, याचे उत्तर तंजावूरला फार दूर जाऊन शोधावे लागत नाही. २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे, गावाजवळच्या कळिमेडु येथे अप्परस्वामींच्या उत्सवाचे एक लहानसे वाहन वळणाच्या जागी मागेपुढे करताना त्याच्या माथ्याची सजावट उच्चदाबाच्या विजेच्या तारेला लागली. अकरा माणसे गेली; त्यांत मुले होती. वाहन तेच होते, वाट तीच होती. रस्ता मात्र मध्यंतरी उंच झाला होता, असे नंतर सांगण्यात आले. चाकाखालची जमीन वर आली की माथा तेवढाच वर जातो. खाली झालेला बदल वर कोठे जाऊन पोचतो, हे कोणी मोजले नाही, तर ते असे मोजले जाते.

मराठीत ‘वळण’ हा शब्द रस्त्याला लावतात, अक्षराला लावतात आणि मुलांनाही लावतात. अक्षराचे वळण एका दिवसात येत नाही. मुलाला लावलेले वळण बोलून दाखवता येत नाही, वागण्यात दिसते. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकोजीराजांबरोबर दक्षिणेत आलेल्या घरांतली मराठी आजही तंजावूरला बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द आले, वाक्यांची ठेवण बदलली. कितीतरी भाग निकामी होऊन त्यांच्या जागी शेजारचे भाग बसले. तरी पुण्याहून गेलेला माणूस थोडा वेळ कान देऊन ऐकेल तर त्याला तिचे वळण ओळखू येते. हे आपोआप झालेले नाही. पिढ्यान्पिढ्या घरातल्या बायकांनी, आजोबांनी, पूजेच्या आणि पंगतीच्या प्रसंगांनी ती थोडी थोडी सावरत आणली. बदललेल्या भागाशी उरलेले भाग जुळवून घेण्याचे हे काम कधी कोणाच्या नावे नोंदले गेले नाही.

मोगरी देणाऱ्याचेही नाव कोठे लिहिलेले नसते. रथाच्या पायथ्याशी देणगीदारांच्या पाट्या लागतात, आसांवर कारखान्याची खूण असते. कित्येक ठिकाणी आता ब्रेक असल्याने मोगरीची गरज कमी झाली, असे म्हटले जाते, आणि तरुण मुले त्या कामाला यायला कचरतात. पण ब्रेक रथ थांबवतो. तो रथ वळवीत नाही. उत्तरवीथीच्या टोकाला दोर सैल पडतो, पत्र्यांवर वंगण ओतले जाते, आणि एक म्हातारा वाकून पोलादी चाकाच्या कडेकडे पाहत मोगरी थोडी तिरपी करतो. जुन्या चाकाला तो ती जशी देत असे त्याहून आता ती निराळी द्यावी लागते. किती निराळी, ते त्याने एका वर्षात शिकून घेतलेले असते.